अठ्ठेचाळीस हजारांची मोटार आणि तीन खाड्या

मराठीचा प्राध्यापक आणि मोटार यांचा संबंध आजवर एवढाच की, व्याख्यानाला बोलावणाऱ्या मंडळींनी पाठवलेल्या मोटारीत तो मागे बसतो आणि परतताना सत्काराचा नारळ मांडीवर सांभाळतो. स्वतःची मोटार घेणे त्याला शोभत नाही असे नव्हे. परवडत नाही, असेही आता सरसकट म्हणवत नाही. आमच्या कॉलेजातले गणिताचे एक प्राध्यापक दर पाच-सहा वर्षांनी नवी मोटार घेतात आणि तिला ओरखडा पडेल या धास्तीने रिक्षाने कॉलेजात येतात. महाग मोटारीचा हा दोष मला फार दिवसांपासून दिसत होता. ती चालवण्यापेक्षा सांभाळायचीच जास्त. आणि नुकताच परवाना मिळालेल्या अठरा वर्षांच्या मुलीच्या हाती तर ती मुळीच द्यायची नसते.

स्वस्त मोटार देता येते. या एका गुणासाठी मी यंदा मोटार घेतली.

त्याचे कारण घरचे आहे. हिची बँकेत नोकरी. दोन वर्षांपूर्वी नागपूरला बदली झाली. पुण्याच्या घरात उरलो मी आणि लेक. लेक अकरावीला, मग बारावीला. एकाच छपराखाली दोन माणसे इतक्या कमी शब्दांत राहू शकतात हे मला भाषेचा प्राध्यापक असूनही ठाऊक नव्हते. डबा घेतलास का, किल्ली घेतलीस का, गॅस बंद केलास का. या तीन वाक्यांवर आम्ही दोन वर्षे काढली. तिन्ही प्रश्नार्थक, तिन्ही शुद्ध. भांडण नव्हते, अबोलाही नव्हता. तिचे क्लास होते, माझे पेपर तपासणे होते, आणि मध्ये बोलणारी जी होती ती नागपुरात होती.

मार्चमध्ये परीक्षा संपली. जुलै-ऑगस्टात लेक कुठल्या तरी कॉलेजात जाणार. म्हणजे मधले दिवस मोजकेच. मी म्हटले, समुद्रावर जाऊ या. भाड्याची मोटार केली तर चालक तिसरा. त्याच्यासमोर आम्ही दोघेही सभ्यपणे गप्प बसणार. तेव्हा एक जुनी मोटार विकत घ्यावी, दोघांनी आलटून पालटून चालवावी, आणि आल्यावर विकून टाकावी असा बेत ठरला. मला परवाना १९९९ सालचा. त्यानंतर मी चाकाला क्वचितच हात लावला होता, पण तो विषय लेकीने मोठ्या मनाने टाळला.

माझ्या मनात पद्मिनी होती. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ती फियाट ११००, जिचे १९७४ मध्ये पद्मिनी असे बारसे झाले. तिचा गिअर चाकाच्या दांड्यालाच असे आणि पुढची बैठक बाकासारखी सलग. आईबापांच्या मध्ये एक पोर सहज मावे. माझ्या पिढीच्या कितीतरी मुलांनी जगाचे पहिले दर्शन त्या मधल्या जागेवरून घेतले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून उतरली तेव्हा मला उगीचच घरातले कोणी गेल्यासारखे वाटले होते. लेकीने माझे बोलणे ऐकून घेतले आणि विचारले, "बाबा, तिचा पार्ट हेदवीला मिळेल का?" पद्मिनी आता शौकिनांची झाली आहे. जी स्वस्त आहे ती चालत नाही, आणि जी चालते ती स्वस्त नाही. मग नॅनोचा विचार झाला. इवलीशी, मागे इंजिन असलेली ती मोटार मला गमतीची वाटते. लोक तिच्याशी जरा अन्यायानेच वागले. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्यांचे गॅरेज आहे त्या मिस्त्रींनी एका वाक्यात निकाल दिला : "सर, एटहंड्रेड घ्या. रस्त्यात कुठं बंद पडली तर पानवालासुद्धा दुरुस्त करील."

हे अगदीच अतिशयोक्त नाही. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते मारुती ८०० ची पहिली किल्ली दिली गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये शेवटची गाडी कारखान्यातून बाहेर पडली. तीस वर्षांत पंचवीस लाखांहून अधिक गाड्या. या देशातल्या मध्यमवर्गाने मोटार चालवायला शिकावे ते हिच्यावर. मीही ड्रायव्हिंग स्कूलच्या ८०० वरच शिकलो होतो. ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन, जेमतेम ३७ अश्वशक्ती, चार गिअर, बारा इंची चाके. नव्या मोटारींच्या गर्दीत ती उभी राहिली की लग्नाच्या पंगतीत चुकून आलेल्या शेजारच्या पोरासारखी दिसते.

तीन गाड्या पाहिल्या. पाहिल्या म्हणजे मिस्त्रींनी पाहिल्या, लेकीने त्यांच्या मागे उभे राहून शिकून घेतल्या आणि मी चहाचे पैसे दिले. मिस्त्रींची पद्धत वैद्याची. मालकाला आदल्या दिवशीच निरोप : सकाळी आम्ही येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. गरम इंजिन खोटे बोलते. थंड इंजिन पहिल्या किल्लीला कसे उठते ते पाहायचे. मग मागे जाऊन धूर. निळसर असेल तर ऑइल जळते आहे, काळा असेल तर पेट्रोल जास्त खाते आहे, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा निघत राहिला तर पाणी आत शिरते आहे, नमस्कार करून निघायचे. खिशातून फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक काढून तो दारांवरून, चाकांवरच्या कमानींवरून फिरवायचा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा गंजून गेला आहे आणि वर लांबी भरून रंग दिला आहे. पहिली गाडी बाहेरून नवरीसारखी होती. चुंबक तिला तीन जागीही चिकटला नाही. दुसरीचा चॅसिस नंबर आणि आरसी बुकातला नंबर यांचे पटत नव्हते. तिथून मिस्त्री चहा न घेता उठले. यावरून प्रकरणाचे गांभीर्य ध्यानात यावे.

तिसरी एका निवृत्त पोस्टमास्तरांची. २००८ ची, म्हणजे माझ्या लेकीपेक्षा एक वर्षाने धाकटी. रंग मूळचा पांढरा. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. पोस्टमास्तरांनी ते २०२३ मध्येच उरकले होते. २०२८ पर्यंत काळजी नव्हती. त्यांच्याकडे एक शंभर पानी वही होती. २००८ पासून घातलेले प्रत्येक लिटर पेट्रोल, बदललेला प्रत्येक बल्ब, तारखेसह, निळ्या शाईत. मी ती वही एखादी बखर वाचावी तशी वाचली. २०११ च्या मे महिन्यात "तुळजापूर – सर्व कुटुंब". २०१९ पासून पुढे बहुतेक नोंदी "दवाखाना". किंमत अठ्ठेचाळीस हजार ठरली. १९८३ साली नवी कोरी ८०० पन्नास हजारांच्या आसपासच मिळत होती. तेव्हा रुपयाने चाळीस वर्षांत काय केले ते अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी सांगावे. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, विमा झाला. मी किल्लीसाठी हात पुढे केला, तर पोस्टमास्तरांनी ती लेकीच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "चढावर एसी बंद कर, बाळ. तिचा जीव लहान आहे." एसीतून वारा येई, गारवा नव्हे, ही गोष्ट आम्हाला पुढे कळली.

एप्रिलच्या मध्यावर पहाटे पाचला निघालो. डिकीत मिस्त्रींनी वर्तमानपत्रात बांधून दिलेले एक पुडके : क्लचची केबल, एक्सलरेटरची केबल, फ्यूज, पट्टा, एक बल्ब. शकुनाच्या सुपारीसारखे ते मी ठेवून घेतले.

ताम्हिणीपर्यंत मी चालवली. घाट उतरताना दुसऱ्या गिअरात गाडी स्वतःच स्वतःला आवरून धरते, ब्रेकवर पाय दाबून बसावे लागत नाही. हे मला लेकीने सांगितले. माणगावात तिने चाक घेतले ते बागमांडल्यापर्यंत. हरिहरेश्वराला दर्शन घेतले, पण भरती असल्याने खडकांवरून जाणारी प्रदक्षिणेची वाट पाण्याखाली होती. तिथे समुद्राला विचारूनच देवाभोवती फिरावे लागते.

बागमांडल्याला रस्ता सरळ पाण्यात जातो. पुढे सावित्रीची खाडी. पलीकडे वेसवी, रत्नागिरी जिल्हा. इथले लोक फेरीबोटीला जंगलजेटी म्हणतात. पूर्वी दोन होड्यांवर फळ्या टाकून तराफा करीत आणि त्यावरून बैलगाड्या, पुढे मोटारी नेत. त्याला जंगल म्हणत. नाव जुने राहिले, खाली लोखंडी बोट आली. या किनाऱ्यावर अशा मोठ्या फेरीबोटींची सुरुवात २००३ मध्ये दाभोळ-धोपावे यांच्या दरम्यान झाली. त्याआधी खाडीपलीकडच्या, डोळ्यांसमोर दिसणाऱ्या गावाला मोटारीने जायचे तर आत महामार्गापर्यंत जाऊन मोठा वळसा घालावा लागे. आता या खाड्यांवर पूल बांधायचे घाटते आहे. व्हावेत, तिथल्या आजारी माणसाला रात्री दोन वाजता पूल लागतो, फेरीबोटीची मौज नव्हे. पण ज्यांना शक्य आहे त्यांनी त्याआधी एकदा जाऊन यावे.

धक्क्याचा उतार ओला होता. बोटीवरचा माणूस हातवारे करून बोलावत होता, मागे दोन टेम्पो भोंगे वाजवत होते. लेकीने गाडी फळीवर चढवली आणि ती मध्येच बंद पडली. पुन्हा किल्ली, पुन्हा बंद. गाडी जराशी मागे घरंगळली आणि बंपर कठड्याला घासला. माझ्या तोंडात किमान सात वाक्ये तयार होती. मी खिडकीबाहेर सावित्री नदी पाहिली. महाबळेश्वरी उगम पावून ती इथवर येते. तिसऱ्या खेपेला गाडी वर चढली. बोट सुटल्यावर लेक खाली उतरली, बंपर पाहिला आणि म्हणाली, "बाबा, खरवडलं." मी म्हटले, "अठ्ठेचाळीस हजारांतलं किती खरवडलं असेल?" ती हसली. मार्चपासूनचा तिचा तो पहिला हसण्याचा आवाज बोटीच्या इंजिनाच्या घरघरीतही मला नीट ऐकू आला.

मुक्काम वेळासला. नाना फडणविसांचे हे मूळ गाव, पण हल्ली लोक येतात ते कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत खड्डा करून अंडी घालते. पूर्वी ती अंडी चोरीला जात, कोल्ही-कुत्री खात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने अंडी कुंपणात आणून जपायला सुरुवात केली. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्ले वर येतात. हंगाम सरत आला होता. संध्याकाळी कासवमित्राने वाळूवरची टोपली उचलली तेव्हा खाली चार पिल्ले होती, काळी, मूठभरही नसलेली. ती ओल्या वाळूवर सोडली. प्रत्येक लाटेने उलटीपालटी होत, पुन्हा तोंड समुद्राकडे करून ती चालत राहिली. कुणी तरी विचारले, आई कुठे असते? कासवमित्र म्हणाला, "ती अंडी घालते आणि वाळू सारखी करून त्याच रात्री जाते. पुन्हा बघायला येत नाही." लेक अंधार पडेपर्यंत तिथून हलली नाही. ज्या घरी उतरलो होतो तिथल्या काकूंनी आमटी-भात आणि आंब्याची फोड वाढली, तर त्यांनाच पाण्याच्या तापमानाचे, वाळूच्या उष्णतेवरून पिल्लू नर की मादी ते कसे ठरते याचे प्रश्न. मुलीला हे सारे ठाऊक आहे, हे मला ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी केळशी, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. हा रस्ता मोठ्या मोटारींचा नव्हेच. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, त्यांवरून वाकलेली काजूची झाडे, आणि समोरून एसटी आली की कोणी तरी मागे जायचे. आमची गाडी अर्ध्या रस्त्यात मावत होती. चाळीसच्या वेगाने जाणाऱ्या मोटारीत एक सोय असते : दोघेही समोर पाहत असतात. घरात जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसले की बोलायचे काय हा प्रश्न डोळ्यांनाच पडतो. इथे एकाने रस्ता पाहावा, दुसऱ्याने झाडे, आणि मधूनच एखादे वाक्य काचेवर टाकावे.

रात्री मुरुडला राहिलो. दापोलीचे मुरुड, महर्षी कर्व्यांचे. मास्तरकीची खोड; मी लेकीला धोंडो केशवांची गोष्ट सांगितली. सतराच्या वयात परीक्षेला बसण्यासाठी हा मुलगा इथून सोबत्यांबरोबर साताऱ्यापर्यंत पायी गेला; सह्याद्री ओलांडून शंभर मैलांहून अधिक वाट. आणि तिथे पोचल्यावर, वयाने लहान दिसतोस म्हणून त्याला परीक्षेला बसू दिले नाही. लेकीने भलताच प्रश्न विचारला. "त्याला घरच्यांनी जाऊ कसं दिलं?" मी म्हटले, गरिबी होती, शिकायचे होते. "तसं नाही. तो गेल्यावर घरी कसं वाटलं असेल, ते कुणी लिहिलंय का?" माझ्याजवळ उत्तर नव्हते.

ते उत्तर कशासाठी हवे होते, हे तिसऱ्या दिवशी दाभोळला कळले. बोट पलीकडून यायची होती. आम्ही बॉनेटवर कलिंगडाच्या फोडी ठेवून उभे होतो. समोर वाशिष्ठी. मी सांगत होतो की, कोयना जन्माने पूर्वेकडे जाणारी नदी, पण तिचे पुष्कळ पाणी डोंगराखालच्या बोगद्यातून पोफळीच्या वीजघराकडे वळवले जाते आणि अखेर या वाशिष्ठीला मिळून अरबी समुद्राला येते. लेक नदीकडे पाहतच म्हणाली, "बाबा, दक्षिणेला एक कोर्स आहे. समुद्रशास्त्राचा, पाच वर्षांचा. मी अर्ज भरला नाहीये."

"का?"

"आई नागपूरला. मी तिकडे गेले तर तू रात्री काय जेवशील?"

मराठी भाषेत या प्रश्नाची जी काही भारदस्त उत्तरे आहेत ती मला त्या वेळी आठवली नाहीत. मी म्हटले, "मला भात लावता येतो. पिठलं येतं." ती म्हणाली, "रोज?" मी म्हटले, "रविवारी मिसळ." शेवटची तारीख विचारली. परवा.

बोटीत आम्ही फारसे बोललो नाही. गुहागरला पोचलो तो मोबाइलला रेंज नाही. खोलीत नाही, सुरूच्या बनात नाही, व्याडेश्वराच्या आवारात आली आणि गेली. शेवटी बाजारात एक झेरॉक्सचे दुकान सापडले. मालक दुपारची झोप अर्धी टाकून उठले. दहावीची गुणपत्रिका, फोटो, सही; सही कागदावर करून तिचा फोटो काढायचा आणि तो ठरावीक मापाचा करायचा. दीड तास गेला. पालकाच्या नावाच्या रकान्यात तिने माझे नाव लिहिले आणि व्यवसायापाशी थांबून विचारले, "प्राध्यापक लिहू की ड्रायव्हर?" शुल्क भरून झाल्यावर तिने तिथूनच आईला फोन लावला. माझ्याशी दोन वर्षांत बोलली नसेल इतके ती पंधरा मिनिटांत बोलली. मी बाहेर उभा राहून मोटारीवरची धूळ पुसली. तिला त्याची गरज नव्हती.

चौथ्या दिवशी हेदवीच्या अलीकडे चढावर क्लचचा पाय एकदम जमिनीला टेकला. केबल तुटली. मागून आलेला एक टेम्पोवाला थांबला. आधी त्याने गंमत म्हणून दाखवले : गाडी बंद असताना पहिला गिअर टाकायचा आणि किल्ली फिरवायची, दचके खात ती चालू पडते आणि क्लचशिवाय सपाटीपर्यंत जाते. मग तिथे सावलीला लावून डिकीतले पुडके उघडले. पाऊण तास लागला. लेक पान्हे देत होती आणि कुठला पान्हा ते तिला सांगावे लागत नव्हते. टेम्पोवाल्याने पैसे घेतले नाहीत, पोस्टमास्तरांच्या वहीत मी तारीख घालून नोंद केली : "क्लच केबल – हेदवी. शुल्क : एक हापूस."

तवसाळला तिसरी खाडी, शास्त्री नदीची. जयगडला उतरून मालगुंड. केशवसुतांचे जन्मघर तिथे जपले आहे. १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते स्मारक झाले. मराठी शिकवणाऱ्याला हे तीर्थच. शाळामास्तराच्या घरात जन्मलेला, स्वतः शाळामास्तर झालेला, आणि १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने गेलेला हा माणूस. त्या घराच्या ओटीवर उभे राहिले की जागेच्या साधेपणानेच आवाज खाली येतो. लेक माझ्याबरोबर सगळीकडे फिरली, एकदाही घड्याळ न पाहता. बाहेर येऊन तिने गाडीचा भोंगा वाजवला. तो भोंगा म्हणजे सर्दी झालेली पिपाणी. "केशवसुत काय म्हणाले असते?" तिने विचारले. मी म्हटले, तुतारीवर लिहिलेल्या माणसाला पिपाणीचेही कौतुक वाटले असते.

परतीला आंबा घाट तिने चढवला, एसी बंद ठेवून.

प्रवेश मिळाला. ऑगस्टमध्ये आगगाडीने गेली. मोटार विकायची ठरली होती; मिस्त्रींनी एक गिऱ्हाइकही आणले होते, पंचेचाळीसला. मी म्हटले, पाहू. तिचा दर शनिवारी वसतिगृहातून फोन येतो. किनाऱ्यावरची ओहोटी, प्रयोगशाळा, तिथल्या भातातले खोबरे, आणि शेवटी नेमाने : "गाडी चालू केलीस का? उभी ठेवलीस तर बॅटरी उतरेल." म्हणून रविवारी मिसळ खाल्ली की मी गाडी काढतो. आधी पौडपर्यंत जात असे. परवा मुळशीच्या धरणापर्यंत गेलो. तिथला चढ तिसऱ्या गिअरात होत नाही, दुसरा टाकावा लागतो. वहीत तसे लिहून ठेवले आहे.